किट यामोयो : झांबियातील अतिसारावरच्या औषधसंचाचे परीक्षण

जुलाब होत असलेल्या मुलाला जलसंजीवनीबरोबर झिंकही द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने २००४ साली एकत्रितपणे सांगितले. दोन्ही औषधे स्वस्त आहेत आणि ती घरच्या घरी देता येतात. तरीही २०१२च्या सुमारास झांबियाच्या दुर्गम भागात ही दोन्ही मिळालेली मुले शंभरात एकसुद्धा नव्हती. कोलालाइफ या संस्थेने ‘किट यामोयो’ बनवले ते ही उणीव भरून काढण्यासाठी, आणि गरीब देशातील आरोग्यसेवेसाठी तयार झालेल्या वस्तूंमध्ये इतक्या बारकाईने विचार केलेली वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

संचात जलसंजीवनीच्या छोट्या पुड्या, झिंकच्या दहा गोळ्या, साबणाची वडी आणि माहितीपत्रक असते. खरी करामत मात्र डब्याची आहे. त्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यातच पाणी मोजायचे, त्यातच पुडी मिसळायची आणि त्यातूनच मुलाला पाजायचे. नेहमीची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पण घरात लिटरचे माप असतेच असे नाही. शिवाय तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे लागते, आणि दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटरच द्यायचे असल्यामुळे त्यातले पुष्कळसे वाया जाते. इथे पुडी २०० मिलिलिटरची आहे, म्हणजे डब्याच्या खुणेपर्यंत पाणी भरले की काम झाले. चाचणीत हा संच वापरणाऱ्या सुमारे ९३ टक्के पालकांनी द्रावण योग्य प्रमाणात बनवले, तर लिटरच्या पुडीबाबत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. प्रमाण चुकून मीठ जास्त झाले तर मुलाला अपाय होतो आणि पाणी जास्त झाले तर औषधाचा गुण कमी होतो, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मुळात हा डबा कोका-कोलाच्या क्रेटमधील बाटल्यांच्या मधल्या जागेत बसेल असा घडवला होता, कारण शीतपेय जिथे पोहोचते तिथे औषधही पोहोचावे अशी कल्पना होती. प्रत्यक्षात फारच थोड्या दुकानदारांनी संच क्रेटमध्ये ठेवून नेले. बाकीच्यांनी ते साबण-साखरेच्या इतर मालासारखेच आपापल्या सोयीने वाहून नेले, कारण त्यावर त्यांना चार पैसे सुटत होते. संस्थेने हे मोकळेपणाने मान्य केले आणि पुढे क्रेटचा आग्रह सोडून साधे, स्वस्त वेष्टन काढले, ही गोष्ट मला संचाच्या रचनेइतकीच आवडली. कालोमो आणि काटेटे या जिल्ह्यांत वर्षभराच्या चाचणीत जलसंजीवनी आणि झिंक दोन्ही मिळण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले.

माझा आक्षेप पैशांबाबत आहे. चाचणीच्या काळात मातांना आरोग्य केंद्रातून व्हाउचर दिले जात होते आणि ते दाखवले की दुकानात संच मिळत असे. व्हाउचर नसताना मात्र संचाची किंमतही ज्या घरात जड जाते, त्या घराला दुकान जवळ असल्याचा काय उपयोग? अशा मुलांसाठी हा संच आरोग्य केंद्रातच मोफत मिळाला पाहिजे. आणखी एक उणीव कोणत्याही वेष्टनाने भरून निघणारी नाही : जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले तरी झिंकच्या गोळ्या दहा दिवस द्याव्या लागतात, आणि ते आईला दुकानदाराने किंवा आरोग्यसेविकेने समजावूनच सांगायला हवे.

जलसंजीवनी आणि झिंक एकाच वेष्टनात देण्याचा हा प्रकार २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला, त्यामुळे कोणत्याही देशाच्या आरोग्य मंत्रालयाला तो एकच वस्तू म्हणून मागवता येतो. जिथे अजून पुड्यांची आणि गोळ्यांची मागणी वेगवेगळी नोंदवली जाते, तिथे पुड्या आहेत पण गोळ्या संपल्या, अशी पाळी येऊ शकते, आणि खरेदीचा फॉर्म भरणाऱ्यांनी ती मुलांवर आणू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.