पुस्तकाची पीडीएफ फुकट वाटली जातेय: साइटला तक्रार की कोर्टात दावा?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाचं नवं पुस्तक फाइल-शेअरिंग साइटवर चढलं, तर वाटा दोन: साइटला तक्रार किंवा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दावा.

तक्रार स्वस्त आणि जलद. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे ती लेखी हवी. पुस्तकाचं वर्णन, मालकीचा तपशील आणि फाइलचा नेमका पत्ता हवा. सर्च-पानाची लिंक दिली की गाडी तिथेच अडते. प्रत्येक फाइलची लिंक वेगळी द्या. तक्रार ग्राह्य वाटली तर साइटने ३६ तासांत फाइलची वाट बंद करायची असते. खरी मेख पुढे आहे: तक्रारीतच दावा लावण्याची हमी द्यावी लागते, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश पोहोचला नाही तर साइट ती फाइल पुन्हा खुली करू शकते. हा नियम वाचल्याशिवाय तक्रार पाठवूच नये.

दावा खर्चिक, पण टिकाऊ. साइट बाहेरची असली तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे पुण्यात व्यवसाय करणाऱ्या मालकाला इथेच दावा लावता येतो. तातडीचा मनाई हुकूम मागा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा अंक-अक्षरांचा कोड, लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा नमुना पुढे करू नका.

साइट नाव बदलून पुन्हा उगवली तर? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यूटीव्ही (चित्रपट कंपनी) विरुद्ध १३३७एक्स (पायरसी साइट) खटल्यात मिरर साइटही, म्हणजे त्याच साइटची दुसऱ्या पत्त्यावरची नक्कलही, त्याच आदेशात जोडायची सोय केली. तक्रारीला हे बळ नाही.

एखाद-दुसऱ्या लिंकला तक्रार पुरते. फाइल पुन्हापुन्हा चढत असेल, तर तक्रार पाठवतानाच वकिलाकडे दाव्याचे कागद तयार हवेत.