पहिलं शील आणि रविवारचं मटण: तीन वाटा

रोज वंदनेत ‘पाणातिपाता वेरमणी’ (जीवहत्येपासून दूर राहीन, हे पहिलं शील) म्हणायचं आणि रविवारी मटणाच्या रांगेत उभं राहायचं, हे टोचू लागलं की माणूस विचारतो, धम्म नेमकं काय सांगतो?

श्रीलंका, थायलंडसारख्या थेरवादी (जुनी पाली परंपरा मानणाऱ्या) देशांतले बहुतेक भिक्खू मांस घेतात. बुद्धवचनांतल्या जीवक सुत्तातली अट अशी की, प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर ते घ्यायचं नाही. संघातल्याच देवदत्त या भिक्खूने मासे-मांस सरसकट बंद करायची मागणी केली, तीही बुद्धांनी मानली नाही. या वाटेत वाढणाऱ्याचा मान राहतो. पण हा नियम भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्यांचा. आपण तर पैसे मोजून ‘अर्धा किलो द्या’ म्हणतो, कोंबडी समोरच कापली जाते. मांसाचा व्यापार उपासकाने करू नये, असं अंगुत्तर निकाय हा पाली ग्रंथ सांगतो. मग तो धंदा चालवणारं गिऱ्हाईक वेगळं कसं?

महायान या बौद्ध धम्माच्या दुसऱ्या मोठ्या परंपरेतलं लंकावतार सूत्र मांसाहार साफ नाकारतं: प्रत्येक जीव कधीतरी आपला आईबाप होता. चीन-तैवानचे भिक्खू म्हणूनच शाकाहारी; कांदा-लसूणही वर्ज्य. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्यांना हा पुनर्जन्माचा आधार पटणार नाही, पण धम्मदीक्षेच्या 22 प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहेच. ‘मारण्याची इच्छा’ आणि ‘मारण्याची गरज’ हा बाबासाहेबांनी दाखवलेला फरक मला सगळ्यात उपयोगी वाटतो. घरात मटकी, हुलगे, शेंगदाणे असताना माझी गरज किती उरते?

तिसरी वाट दूधही सोडण्याची. भाकड गाय आणि नर वासरू यांचं पुढे काय होतं, हे पाहिलं की तिचं म्हणणं पटतं. मात्र बी-12 ची गोळी घ्यावी लागते आणि बुद्धपौर्णिमेची खीर नारळाच्या दुधात करावी लागते.

माझं मत विचाराल तर घरात मांस बंद करा, दूध हळूहळू कमी करा. सुरुवात उपोसथाच्या (पौर्णिमा-अमावास्येसारख्या व्रताच्या) दिवसांपासून किंवा वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांपासून करता येते. मात्र शेजाऱ्याच्या ताटाला नावं ठेवू नका. याच ताटावरून आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळ ठरवलं गेलं, आजही भाड्याने घर नाकारलं जातं. मांस सोडायचं ते बकऱ्यासाठी, सोवळ्यासाठी नाही.