ट्रँगल्स : तिघांच्या नेमावर उभे असलेले जागतिक ध्यानजाळे

सामूहिक ध्यान म्हटले की भरलेले सभागृह, ठरलेली वेळ आणि व्यासपीठावरून येणाऱ्या सूचना असेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. ‘ट्रँगल्स’ या सेवेत यांपैकी काहीही नाही. तीन व्यक्तींनी आपसांत ठरवायचे, रोज आपापल्या जागी काही मिनिटे शांत बसायचे, मनाने एकमेकांशी जोडून घ्यायचे आणि या त्रिकोणातून प्रकाश व सद्भावना साऱ्या जगात पसरत आहेत असे कल्पनेत आणायचे, एवढाच तिचा गाभा आहे. अध्यात्मविषयक लेखिका अॅलिस बेली यांनी १९३७ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आज लुसिस ट्रस्ट ही संस्था चालवते आणि न्यूयॉर्क, लंडन व जिनिव्हा येथील कार्यालयांतून त्याचे काम पाहिले जाते. मी स्वतः अशा एका त्रिकोणात आहे आणि सद्भावनेचे काम जगभर वाढावे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच या सेवेतील बळकट आणि कच्चे असे दोन्ही दुवे नीट मांडावेत, असा या परीक्षणाचा हेतू आहे.

प्रत्यक्ष साधना अगदी साधी आहे. श्वास संथ झाला की इतर दोघांची नावे मनात आणायची, तिघांना जोडणारी प्रकाशाची रेषा डोळ्यांपुढे आणायची, तो त्रिकोण पृथ्वीभोवतीच्या असंख्य त्रिकोणांच्या जाळ्यात मिसळतो आहे असे पाहायचे आणि शेवटी ‘ग्रेट इन्व्होकेशन’ ही प्रार्थना म्हणायची. तिघांनी एकाच क्षणी बसण्याची अट नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून ब्रिटनमध्ये रात्री नऊच्या घंटानादाबरोबर एक मिनिट मौन पाळण्याची प्रथा सुरू झाली होती. तिची सारी ताकद एकच वेळ साधण्यात होती. ट्रँगल्सने तशी अट मुळातच ठेवली नाही आणि माझ्या मते हाच या सेवेचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय ठरला, कारण एकाची पहाट ही दुसऱ्याची मध्यरात्र असली तरी त्रिकोण मोडत नाही.

तीन हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला वाटतो. शंभर जणांच्या गटात एखादा आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि त्यामुळे न येणे सोपे होते. दोघांच्या जोडीत एकाचा नेम चुकला की सगळेच थांबते. तिघांत मात्र एक आजारी पडला किंवा प्रवासात असला तरी उरलेले दोघे धागा सोडत नाहीत आणि परत येणाऱ्याला आपली जागा मोकळी ठेवलेली दिसते. आमच्यातील एकाच्या घरी मोठे आजारपण होते तेव्हा उरलेल्या आम्ही दोघांनी त्याचे नाव रोजच्या क्रमात तसेच घेत राहण्याचे ठरवले. तो पुन्हा बसू लागला तेव्हा त्याला कोणतीही सबब सांगावी लागली नाही. अशी आपुलकी मोठ्या मेळाव्यात क्वचितच अनुभवाला येते.

जाळे वाढते तेही याच मार्गाने. एकच व्यक्ती एकाहून अधिक त्रिकोणांत असू शकते. प्रत्येक सभासदाने आणखी दोघांना विचारावे, तिघे तयार झाले की त्रिकोण नोंदवावा, अशी ही रचना आहे. त्यासाठी प्रवेशशुल्क नाही, वर्गणीची सक्ती नाही. सारा खर्च ऐच्छिक देणग्यांवर चालतो. माझा मुख्य आक्षेप मात्र इथेच आहे. नोंदवलेला त्रिकोण आणि चालू असलेला त्रिकोण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे सारे काही प्रत्येकाच्या खासगी नेमावर सोडलेले असते, तिथे खंड पडलेले त्रिकोण बाहेरून ओळखू येत नाहीत. म्हणून नवे त्रिकोण जोडण्याइतकीच जुन्यांची विचारपूस करण्यालाही स्वयंसेवकांनी किंमत द्यावी. एखाद्या अनुभवी सभासदाने आपल्या ओळखीच्या दोन-चार त्रिकोणांशी अधूनमधून बोलत राहणे हे काम दिसायला लहान असले, तरी विस्ताराचा पाया तेच आहे. केवळ आकडा वाढवण्याच्या उत्साहात केलेली नोंदणी फार दिवस टिकत नाही.

सहभागी होण्यापूर्वी वैचारिक पार्श्वभूमी जाणून घेणे आवश्यक आहे. बेली यांची विचारसरणी थिऑसफीच्या, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असे मानणाऱ्या विचारप्रवाहाच्या परंपरेतून आलेली आहे, प्रार्थनेत ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा आणि ‘मास्टर्स’चा, म्हणजे मानवजातीला पडद्याआडून मार्गदर्शन करतात असे मानल्या जाणाऱ्या सिद्ध गुरूंचा उल्लेख येतो आणि बेली यांच्या लेखनातील ज्यू समाजाविषयीच्या काही विधानांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, जे मलाही रास्त वाटतात. प्रार्थनेची एक सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे आणि तिच्यात ख्रिस्ताऐवजी ‘जो येणार आहे तो’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. अन्य धर्मांच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या मित्रांना बोलावताना तीच पुढे करावी. निमंत्रण देणाऱ्याने ही सारी माहिती आधीच मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण ज्या कामाचा आधारच विश्वास आहे, तिथे अर्धवट माहिती देऊन माणूस जोडणे योग्य नाही.

परिणामांविषयीही असाच संयम हवा. पुरेसे लोक एकत्र ध्यानाला बसले की समाजातील हिंसा घटते, असा दावा भावातीत ध्यानाच्या चळवळीने केला आणि त्यासाठी लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमूळाइतके लोक पुरतात असे सूत्रही मांडले. त्यावरील संशोधनाविषयी मोठा वाद आहे. ट्रँगल्समुळे जग किती बदलले हे मोजण्याचे साधन नाही आणि तसे कोणाला पटवू पाहणेही मला मान्य नाही. जे दिसते ते जवळचे आहे. रागाच्या भरात लिहायला घेतलेले पत्र ध्यानातून उठल्यावर तसेच पूर्ण करणे मला जड जाते. काही वेळा ते पूर्ण बदलते, काही वेळा एखादे वाक्य तेवढे गळून पडते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन घोषित केला, त्याचे मी स्वागतच करतो, परंतु वर्षातून एकदा होणाऱ्या समारंभापेक्षा हा रोजचा लहान नेम मला अधिक मोलाचा वाटतो.

ज्यांना गुरूचे मार्गदर्शन, शिबिराची शिस्त किंवा ध्यानाचे पद्धतशीर शिक्षण हवे आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. शांत बसण्याची थोडी सवय आधीपासून असेल तर ती सहज अंगवळणी पडते. इच्छुकांनी नोंदणीची घाई करण्यापूर्वी ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी दोन माणसे शोधावीत, प्रार्थनेचा मजकूर तिघांनी मिळून वाचावा, शंका बोलून घ्याव्यात, काही आठवडे नेम चालवून पाहावा आणि तो तिघांनाही मानवला, तरच आपला त्रिकोण कार्यालयाकडे कळवावा.