‘२५ टनांची’ चारधारी पाचर घेताय? आधी कानस लावून बघा

नागपुरात आणि आसपासच्या गावांत सध्या लाकूडफोडीच्या हायड्रॉलिक मशीनला लावायची चारधारी पाचर विकत एक जण फिरतोय. मशीनच्या मूळ पाचरीवर ती टोपीसारखी चढवायची, बोल्ट आवळायचा, की एका दाबात ओंडक्याच्या दोनऐवजी चार फाका. टालवाले, आरामशीनवाले, ढाबेवाले, चुलीवर मोठे स्वयंपाक करणारे केटरर, सगळ्यांचे पत्ते त्याच्याकडे आहेत. माझ्याकडून त्याने साडेअकरा हजार नेले.

वस्तू मुळात खोटी नाही. चांगल्या पोलादाची चारधारी पाचर सरळ लाकडावर खरंच वेळ वाचवते. खोटी आहे ती तिच्यावर रिबेट मारून बसवलेली पट्टी: ‘२५ टन, हार्डन केलेलं ईएन-८’, म्हणजे तापवून कडक केलेलं मजबूत पोलाद.

डेमो तो स्वतःच्या टेम्पोवरच्या मशीनवर देतो. “भाऊ, तुमचं मशीन काऊन खोलता, माह्यावरच पाहा ना.” लाकूडही त्याचंच, हातभर लांबीची ओली, बिनगाठीची सुबाभूळ. असं लाकूड जरा जोर लावला तर साध्या कुऱ्हाडीनेही फुटतं. मी टालीतला बाभळीचा ओंडका पुढे केला, तर म्हणाला, टेम्पोवर एवढा जाड बसत नाही. डेमोची पाचर मात्र अस्सल होती. तीच द्या म्हटलं, तर “वापरलेली कशाला घेता, नवी कोरी देतो,” असं म्हणत पोत्यात शिवलेली पाचर हातात ठेवली. पैसे रोख घेतले.

आमच्या मशीनवर बाभळीच्या पहिल्याच गाठीला तिचा एक पंख पोळीच्या कडेसारखा मुडपला आणि मुळाशी वेल्डिंग उकललं. फोन केला तर उत्तर तयार होतं: “लाकूड वाळलेलं असन. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून घ्या, दाब वाढते.”

हे मात्र कोणीही करू नका. व्हॉल्व्ह ज्या दाबाला बसवलेला असतो, तो पाहूनच होज (तेलाचा रबरी पाइप) आणि सिलिंडर निवडलेले असतात. व्हॉल्व्ह आवळला की होज फाटू शकतो. होजला सुईएवढं भोक पडलं तरी तेलाची धार कातडीच्या आत शिरते, आणि मग बोट वाचवायला ऑपरेशन लागतं. फसवणूक पैशाची असते तोवर ठीक, हा माणूस लोकांचे हात धोक्यात घालतो.

आणि टनांचं म्हणाल, तर पाचर बदलून ते वाढतच नाहीत. जोर ठरतो सिलिंडरच्या आतल्या व्यासावर आणि पंपाच्या दाबावर. आमचा सिलिंडर १०० मिलिमीटरचा, दाब १५० बार. हिशेब येतो सुमारे १२ टन. त्यावर कुठलीही पाचर चढवा, १२ चे २५ होणार नाहीत. उलट चार धारा एकदम लाकडात घुसवायच्या तर जोर जास्तच लागतो. म्हणून गाठाळ बाभळीला जुनी एकधारीच बरी. हा हिशेब मशीनवर बसणाऱ्या आमच्या पोऱ्यालाही येतो. विकणाऱ्याला येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मेकॅनिकने वाकलेल्या धारेवर कानस ओढली तर लोखंडाचा कीस पडला. नीट हार्डन केलेल्या धारेवर कानस घसरते, असा कीस पडत नाही. काळपट निळा रंग थिनरच्या बोळ्याने निघाला, खाली साधं एमएस, म्हणजे मऊ लोखंड, आणि वेल्डच्या फटीत भरलेली पुट्टी. कानस कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पैसे देण्याआधी पोतं फाडून त्याच्यासमोरच ती चालवा, आणि ओंडका तुमच्याच टालीतला लावा.

बिलावर जीएसटी वेगळा लावलेला होता. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. त्याच्या बिलावर १४ च अक्षरं निघाली. असा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की लगेच उघडा पडतो.

आता तो फोन उचलत नाही. वाडीकडच्या एका ढाबेवाल्याने फोटो पाठवलाय: तीच पाचर, रंग लाल, पट्टीवर ३० टन.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक मेख आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर सवलत आहे. लहान टालवाल्याने तक्रारीत हे स्पष्ट लिहावं, नाहीतर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सारख्याच तक्रारीचे अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्रही जाऊ शकतात. तेव्हा वाकलेली पाचर रागाने भंगारात घालू नका. पट्टी, पोतं आणि बिलासकट ठेवून द्या.