जळणासाठी सुबाभूळ की निलगिरी?

घरची चूल आणि बंब वर्षभर पेटावा म्हणून 5 गुंठे अडवायचे, तर निवड बहुधा याच दोघांत होते. उष्मांकावरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. दोन्हींचं वाळलेलं लाकूड किलोला 4,000 ते 4,700 किलोकॅलरीच्या आसपास देतं. ताज्या तोडीत जवळपास निम्मं वजन पाण्याचंच, म्हणून आच ठरते ती वाळवण्यावर.

निलगिरीला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा तिचा मोठा गुण. 2 बाय दीड मीटरवर 165 रोपं बसतात. सुरुवातीचे काही महिने वाळवी सांभाळली की झालं. तोड जमिनीपासून 10-15 सेंटिमीटरवर, तिरपी. नंतर बुंध्यावर दोन-तीनच फुटवे ठेवायचे.

सुबाभळीचं बी 80 अंशाच्या पाण्यात 3-4 मिनिटं बुडवून रात्रभर गार पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर टणक सालीमुळे उगवण महिनोन्‌महिने रेंगाळते. 1 बाय 1 मीटरवर 500 रोपं. पहिलं वर्ष कुंपण हवंच. तोड मात्र पाऊण ते एक मीटर उंचीवर. पाला चारा म्हणून उत्तम, पण त्यात मिमोसिन हे जास्त झाल्यास जनावराला बाधणारं द्रव्य असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको.

माझं पारडं झुकलं ते लाकूड फोडण्यापाशी. निलगिरीचा धागा पीळदार. ओली असताना फाडली तर निघते. महिनाभर पडू दिली की कुऱ्हाड रुतून बसते, पाचर उडते, आणि बंबफोड, म्हणजे बंबासाठी बारीक फोड, तर विसराच. म्हणजे तोडल्या आठवड्यातच फोडायची, नेमकी हरभरा-ज्वारीच्या काढणीत. दाट लावलेली सुबाभूळ तिसऱ्या वर्षी मनगटाएवढी होते. कोयत्यानं हातभर तुकडे केले की थेट बंबात. निलगिरीही दाट लावता येईल म्हणा, पण मग क्लोन (निवडक झाडाच्या फांदीपासून केलेल्या) रोपांचा खर्च तिप्पट, आणि बांधालगतचं पीक दबतं ते वेगळंच.

सुबाभूळही साधी नाही. वर्षभरात शेंगा धरते आणि बी शेजारच्या वावरात जातं. उगवलेलं रोप बोटभर असतानाच उपटावं. सोटमूळ खाली गेलं की कुदळच लागते. शेंगा हिरव्या असतानाच छाटून शेळ्यांपुढे टाकल्या तर हा ताप बराच कमी होतो.

कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत किंवा पाणी साचणाऱ्या रानात मात्र सुबाभूळ खुरटते. तिथं निलगिरीच लावा, आणि कुऱ्हाडीला धार लावून ठेवा.