माळ्यावरच्या फ्लॉप्या: यूएसबी ड्राइव्ह, जुना पीसी की ग्रीझवीझल?

माळ्यावरून डबा उतरवला की पहिली उबळ येते ती फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालून बघण्याची. तेवढी एक उबळ आवरा. बाकीचं सगळं त्यानंतर शांतपणे ठरवता येतं.

आमच्या घरी वडिलांचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, काम चाले. लग्नपत्रिका, स्मरणिका, एका दिवाळी अंकाची काही वर्षांची जुळणी, सगळं ३.५ इंची फ्लॉप्यांवर. डब्यात दोनशेच्या वर निघाल्या. त्यातल्या तीन मी माझ्या घाईने घालवल्या. पहिलीला बुरशी होती, ती मी पाहिलीच नाही. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटली आणि त्याच घाणेरड्या हेडखाली मी पुढच्या दोन चांगल्या फ्लॉप्या फिरवल्या. दोन्हींवर गोल चरे पडले. त्या दोन फ्लॉप्यांची हळहळ अजून आहे, आणि हा लेख त्या हळहळीतूनच लिहितो आहे.

कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये हेड चकतीवर अधांतरी असतं. फ्लॉपीत ते चकतीला टेकतं आणि ३.५ इंचीची चकती मिनिटाला ३०० फेरे फिरते. चकती निरोगी असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण पंचवीस-तीस पावसाळे काढलेल्या चकतीवरचा लेप सैल झालेला असू शकतो, आणि मग पहिलं वाचन हेच शेवटचं ठरू शकतं. म्हणून मी तिन्ही पर्याय (यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह, जुना पीसी आणि ग्रीझवीझल ही छोटी पाटी) एकाच मापाने मोजतो: चकती एकदा फिरली, तर त्या एका फेरीतून हाताशी किती येतं?

आधी चकती बघा, यंत्र नंतर

फ्लॉपीचं धातूचं शटर बोटाने सरकवा, मागचा, मधोमध असलेला धातूचा गोल तुकडा हळूहळू फिरवा आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. पांढुरके ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. ती फ्लॉपी वेगळी ठेवा. मुंबईत आणि कोकणात राहिलेल्या डब्यात अशा निघणारच. आमच्या डब्यात बावीस निघाल्या. बुरशीची चकती कव्हर उघडून काढता येते, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने अलगद पुसता येते आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरात घालता येते. पण हा हात आधी टाकाऊ फ्लॉपीवर बसवा. प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेडही त्याच अल्कोहोलने पुसायचं, कंटाळा न करता.

दुसरं काम लेखनबंदीचं. ३.५ इंचीवर खिडकी उघडी असली की लेखन बंद. ५.२५ इंचीवर नेमकं उलटं: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद. या उलटसुलटपणात चूक होते, म्हणून दोनदा तपासा. 'मी फक्त वाचणार आहे' हा भरवसा पुरत नाही. विंडोज ९५ आणि ९८ तर नुसती फ्लॉपी उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या तुकड्यात, स्वतःची खूण लिहून ठेवत.

यूएसबी ड्राइव्ह

सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपा. लॅपटॉपला लावला की चालू. तुमच्याकडे फक्त ३.५ इंची, १.४४ एमबीच्या, डॉस किंवा विंडोजवर भरलेल्या आणि दिसायला स्वच्छ फ्लॉप्या असतील, आणि त्यात बुडून फार नुकसान होईल असं काही नसेल, तर पुढचं वाचायची गरजही नाही. हाच घ्या.

पण त्याच्या मर्यादा पक्क्या आहेत. हा ड्राइव्ह संगणकाला तयार सेक्टर (मजकुराचे ठरलेल्या मापाचे तुकडे) देतो, आत काय चाललंय ते सांगत नाही. सेक्टर वाचता आला तर ५१२ बाइट मिळतात, नाही तर 'त्रुटी'. अर्धवट वाचलेलं, एका फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत दुसरं दिसलेलं, हे सगळं तो आतच टाकून देतो. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी त्याला वाचता येत नाही. मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्याही नाहीत, कारण त्यांची लिहिण्याची पद्धतच निराळी. मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअर विकताना वापरलेल्या, एका ट्रॅकला (चकतीवरच्या एका गोल रेघेला) १८ ऐवजी २१ सेक्टर कोंबलेल्या फ्लॉप्यांवर त्याची भिस्त ठेवू नका. काही ड्राइव्ह तर साध्या ७२० केबीलाही नकार देतात. आणि ५.२५ इंचीचा विचार या वाटेने करूच नका.

हा घेतलाच तर एक पथ्य पाळा. एक्सप्लोररमध्ये उघडून फायली ओढू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या कार्यक्रमाने सबंध चकतीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर बूट सेक्टर, फॅटच्या (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदीच्या) दोन्ही प्रती आणि मूळ फायलींची यादी, हे सारं पहिल्याच सिलिंडरमध्ये (दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या ट्रॅकच्या जोडीत) असतं. तेवढा एक भाग खराब झाला की विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करायचं का?' माणूस समजतो, सगळं गेलं. प्रत्यक्षात उरलेल्या ७९ सिलिंडरांवर मजकूर जागच्या जागी असतो. त्या प्रश्नाला कधीही 'हो' म्हणू नका.

जुना पीसी

पेंटियमच्या जमान्यातला, मदरबोर्डवरच फ्लॉपीची ३४ पिनांची जागा असलेला संगणक. तो ५.२५ इंची ड्राइव्ह चालवू शकतो, ३६० केबी आणि १.२ एमबी दोन्ही वाचतो. डॉसमध्ये डेव्ह डनफील्ड यांचा इमेजडिस्क हा कार्यक्रम चालवला तर प्रत्येक ट्रॅकची मांडणी आणि कुठला सेक्टर कसा चुकला हेही कळतं. यूएसबीपेक्षा ही पायरी नक्कीच वरची.

तरी केवळ फ्लॉपी वाचण्यासाठी जुना पीसी उभा करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. त्याच्या दुरुस्तीतच महिने जातात. ३८६-४८६च्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी असते. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. २०००च्या आसपासच्या बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वर्षानुवर्षं बंद असेल तर बोर्डाला जोडण्याआधी निराळा तपासावा लागतो. सगळं जमलं तरी काढलेली प्रतिमा नव्या संगणकावर न्यायची कशी, हा प्रश्न उरतोच. हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीला अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवणं हा मला त्यातला सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग वाटला.

मग जुना पीसी कुणी ठेवायचा? ज्यांच्या फायली मराठी डीटीपीच्या आहेत त्यांनी. याची कारणं पुढे येतील, पण एक आत्ताच सांगतो. त्या काळच्या अनेक मराठी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टवर लावायचं डाँगल (सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारी किल्ली) लागे. डब्यात तळाशी असा एखादा ठोकळा सापडला तर भंगारात टाकू नका. तो, मूळ सॉफ्टवेअर आणि मूळ फॉन्ट असलेला पीसी जिवंत असेल तर पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधलं पान जसं छापायला गेलं तसं पुन्हा समोर येतं. बाकीचे दोन पर्याय हे देऊच शकत नाहीत.

ग्रीझवीझल

ही कीर फ्रेझर यांनी केलेली, तळहातापेक्षा लहान पाटी. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिना; तिथे साधा जुना अंतर्गत फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा. आराखडा आणि सॉफ्टवेअर खुलं आहे.

हिचं वेगळेपण असं की ही सेक्टर वाचतच नाही. चकतीवरचं चुंबकत्व कुठे कुठे दिशा बदलतं आणि दोन बदलांमध्ये किती वेळ गेला, एवढंच नोंदवते. याला फ्लक्स म्हणतात. अर्थ लावायचं काम नंतर, संगणकावर, कितीही वेळा. एका ट्रॅकचे दोन-तीन फेरे नोंदवून दीड-दोन मिनिटांत चकती पुरी होते आणि मग ती डब्यात परत. फायली मूळ चकतीच्या कित्येक पटींनी मोठ्या होतात, पण आजच्या साठवणुकीत ते काहीच नाही.

म्हणजे माझ्या मापाने बघितलं तर एका फेरीतून सगळ्यांत जास्त हाती येतं ते इथे. उद्या अर्थ लावणारं सॉफ्टवेअर सुधारलं तर जुन्या नोंदीतूनच आणखी सेक्टर निघतात. चकती पुन्हा फिरवावी लागत नाही. शिवाय चकती कुठल्या संगणकाची, याचं बंधन जवळपास राहत नाही. अमिगा, अटारी एसटी, कमोडोर ६४ सगळं चालतं. आपल्याकडे १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. त्यांच्या ५.२५ इंची चकत्या एफएम या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. पीसीवरचे बरेच कंट्रोलर एफएमपुढे हात टेकतात, ग्रीझवीझलला ती अडचण नाही. एखाद्या शाळेच्या कपाटात असा खोका असेल तर त्याच्यासाठी हाच पर्याय.

अडचणी आहेत, लपवत नाही. काम मुख्यतः कमांड लिहून करावं लागतं. पाटी बाहेरून मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरा. आणि ड्राइव्ह तुम्हालाच शोधायचा. पुण्यात जुना बाजार बुधवारी-रविवारी भरतो, तिथे आणि पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, भंगारातल्या पीसींतून ३.५ इंची ड्राइव्ह अजून निघतात. एक नको, तीन घ्या, कारण त्यातला एक नक्की रुसलेला असतो. बहुतेक वेळा हेडच्या रेलवरचं वंगण घट्ट झालेलं असतं. जुनं पुसून नवं लावलं की हेड पुन्हा सरकतं. ३.५ इंची ड्राइव्हला बहुधा ५ व्होल्ट पुरतात. ५.२५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पुरवठा ठेवा. टीॲकचा एफडी-५५जीएफआर हा ५.२५ इंची ड्राइव्ह मिळाला तर सोडू नका. ४० ट्रॅकची ३६० केबीची चकती ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये एकेक ट्रॅक गाळत वाचता येते, पण अशा ड्राइव्हने तिच्यावर लिहू नका: रेघ अरुंद पडते आणि मूळ यंत्राला मग ती धड वाचता येत नाही.

क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो हेही याच जातीचे. ते आधीच हाताशी असतील तर चांगलंच आहे. नव्याने घेणाऱ्याला मी ग्रीझवीझलच सांगतो.

मग नेमकं काय घ्यायचं?

दहा-वीस फ्लॉप्या, सगळ्या १.४४च्या, सगळ्या स्वच्छ: यूएसबी ड्राइव्ह, डीडीरेस्क्यूसकट. त्यातली एखादी अडली तर तिथेच थांबा. 'अजून एकदा बघू' म्हणत दहा वेळा घालू नका. ती दुसऱ्या कुणाकडून फ्लक्सवर काढून घ्या. काम बाहेर दिलंत तर फक्त फायली नव्हे, सबंध फ्लक्सनोंद आणि प्रतिमा परत मागा.

शंभराच्या वर फ्लॉप्या, किंवा एकही ५.२५ इंची, किंवा एकच पण जिवाभावाची: ग्रीझवीझल. इथे माझ्या मनात जराही किंतु नाही.

डेटा नकोच आहे, जुना संगणक चालता ठेवायचा आहे, असं असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवा. फ्लॉपीऐवजी त्यात पेनड्राइव्ह लागतो आणि संगणकाला वाटतं आपल्याला फ्लॉपीच जोडली आहे. मूळ सॉफ्टवेअर काढून त्यात फ्लॅशफ्लॉपी भरा. तेही कीर फ्रेझर यांचंच. सोनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणं २०११च्या मार्चमध्ये थांबवलं, तेव्हा रोजच्या वापरासाठी चांगल्या चकत्यांवर विसंबणं आता परवडणारं नाही. ज्यांना ड्राइव्हचा तो खडखडाट हवाच असतो त्यांची ओढ मला कळते. मूळ ड्राइव्ह पुसून, वंगण घालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, अधूनमधून लावा.

मराठी मजकूर हाती आल्यावर

प्रतिमा निघाली, फाइल उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरांचा चिखल. घाबरू नका, वाचन चुकलेलं नाही. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक फॉन्टची बैठक निराळी. आकृतीची एक, श्रीलिपीची दुसरी. परिवर्तक त्या त्या फॉन्टचाच लागतो. जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिपी आणणाऱ्या कार्डावर) किंवा इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतात) लिहिलेला मजकूर असेल तर नशीब बरं म्हणायचं: इस्कीत अक्षराला ठरलेला क्रमांक असतो आणि युनिकोडची देवनागरी त्याच मांडणीवर बेतलेली आहे, त्यामुळे रूपांतर बरंच सरळ होतं.

म्हणून डब्यातल्या 'फॉन्ट' असं लिहिलेल्या फ्लॉप्या सगळ्यांत आधी काढा. मजकूर वाचला आणि फॉन्ट गेला, तर फाइल शाबूत असूनही ओळ लागत नाही. प्रतिमांना नावं देताना लेबलवरचं शब्दशः उतरवा, लेबलचा फोटोही जोडा. वडिलांनी एका फ्लॉपीवर फक्त 'मुखपृष्ठ, दुसरं, नक्की' एवढंच लिहिलं होतं. त्या 'नक्की'मुळे सहा प्रतींतली छापायला गेलेली प्रत कोणती ते कळलं.

चरे पडलेल्या त्या दोन फ्लॉप्या मी नंतर स्वच्छ केलेल्या हेडखाली प्रत्येकी एकदाच फिरवल्या, ग्रीझवीझलवर. एकीतून एका लेखाची साडेचार पानं निघाली. दुसरीचा पहिला सिलिंडर अजून उलगडलेला नाही, पण तिचा फ्लक्स तीन ठिकाणी ठेवला आहे आणि ती चकती मी परत ड्राइव्हमध्ये घालणार नाही.