जुना डेस्कटॉप तापतोय: पेस्ट बदलावी, कूलर बदलावा की मशीनच?

मुंबईत ठाकूरद्वारला माझ्या मामांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याचं काम आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणपती मंडळांच्या पावत्या. मशीनमध्ये इंटेलचा आय-फाइव्ह २४००, म्हणजे २०११ साली बाजारात आलेला प्रोसेसर. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, ते भर दुपारी आपोआप बंद पडू लागलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने कॅबिनेट न उघडताच सांगून टाकलं, जुनं झालंय, नवीन घ्या. मामा मला म्हणाले, "अरे, नवीन मशीन मिळेल रे, पण माझे जुने फॉन्ट आणि त्यांचं लॉक त्यावर कोण चालवून देणार?"

माझं मत आधीच सांगतो. प्रोसेसर नुसता जुना झाला म्हणून जास्त तापत नाही. त्याची उष्णता बाहेर नेणारी वाट कुठेतरी अडलेली असते. प्रोसेसरवरची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा पातळ थर), हीटसिंक (धातूच्या पात्यांचा ठोकळा), पंखा (हीटसिंक आणि पंखा मिळून कूलर), कॅबिनेटमधली हवा आणि शेवटी खोलीतली हवा, अशी ती वाट आहे. ती नेमकी कुठे अडलीय हे कळेपर्यंत पैसे काढू नका.

हे कळायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी एखादा, प्रोसेसरचं तापमान दाखवणारा फुकट प्रोग्राम पुरतो. मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून आकडा लिहून घ्या आणि मग त्याला जड काम द्या. आकडा काही सेकंदांतच नव्वदीत उडी मारत असेल, तर पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत जात असेल, तर धूळ साचलीय किंवा हवा कोंडलीय. अशा वेळी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून पुन्हा चालवून बघा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर दोष कोंडलेल्या हवेचा. आणि साठीत असतानाच मशीन बंद पडत असेल, तर प्रोसेसरच्या मागे न लागता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या.

आकडा वाचताना ऋतू लक्षात ठेवा. साध्या पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३४ अंशांवर असेल, तर डिसेंबरच्या मानाने सगळे आकडे आठ-दहा अंशांनी वरच दिसणार. मेमध्ये पूर्ण भारावर ऐंशीच्या आत राहिलं तर मी निश्चिंत असतो. शंभरच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद होतं.

आता पर्याय. माझ्या लेखी खरी तुलना सफाई-पेस्ट आणि नवा कूलर या दोघांतच आहे.

साफसफाई आणि नवी पेस्ट यांचा खर्च काही शे रुपये आणि एक दुपार. मुंबईतली धूळ कोरडी नसते. दमट हवेत ती चिकटते, आणि एका खोलीच्या घरात फोडणीचा तेलकट धूर त्यात मिसळला की हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा तयार होतो. तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. पंखा सोडवून हीटसिंक बाहेर काढून ब्रशने साफ करावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि नवी मसुराच्या दाण्याएवढीच घाला. जास्त घातल्याने जास्त थंड होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ इंटेलच्या मूळ कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांमध्ये होतो. काढताना त्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या. बसवताना परत मूळ जागी फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन एका वेळी दाबायच्या. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. मामांच्या मशीनमध्ये तीनच पिना अडकल्या होत्या. चौथी कधीतरी सफाई करताना सुटली असावी. हीटसिंक एका कोपऱ्यातून उचललेला होता आणि एवढ्यावरून सत्तर टक्के रोग कळला. एएमडीचं जुनं मशीन असेल तर वेगळी काळजी घ्या. त्यात पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या खाचेतून, उपटून येतो. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ वर ओढू नका.

नव्या कूलरला हजार-दोन हजार रुपये लागतात. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात डझनभर प्रकार दिसतील आणि दुकानदार मोठा टॉवर, म्हणजे उंच उभा कूलर, पुढे करेल. तो घ्यावा कधी? पिना तुटल्या असतील, पंखा खरखरत असेल किंवा सफाईनंतरही आकडा नव्वदीतच असेल तेव्हा. त्याआधी घेतलेला कूलर फायदा दाखवतो खरा, पण तो फायदा बहुतेकदा सोबतच्या नव्या पेस्टचाच असतो. कॅबिनेटची आतली रुंदी मोजूनच दुकानात जा. मोठे टॉवर साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात आणि ऑफिसच्या सडपातळ कॅबिनेटात मावत नाहीत. कूलरच्या बाजूची एक गोष्ट मात्र मला पटते. इंटेलच्या ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांभोवतीची कूलर बसवायची भोकं एकाच मापाची आहेत, त्यामुळे पुढे यांपैकी एखादं मशीन घेतलंत तर कूलर तिथेही बसेल. बाराव्या पिढीपासूनच्या १७०० सॉकेटला मात्र माप बदललं आहे. लिक्विड कूलर अशा मशीनला नकोच.

फुकटचा पर्याय विंडोजमध्येच आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग, बंद होतो. २४०० मध्ये त्यामुळे वेग ३.४ वरून ३.१ गिगाहर्ट्झवर येतो. पत्रिका बनवताना हे जाणवतही नाही. सफाईपर्यंतचे चार दिवस काढायला ठीक, पण हे औषध नव्हे.

मशीन बदलायचं कारण उष्णता नसावं, दुसरं असू शकतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर कूलरचे दोन हजार वाचवून नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा. इंटरनेट न जोडता नुसतं टायपिंग किंवा डीटीपी होत असेल, तर पेस्टचे काही शे रुपये खुशाल घाला. त्याच सॉकेटचा जुना, थंड चालणारा प्रोसेसर शोधत फिरण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

मामांकडे चारही पिना बसवल्या, पेस्ट बदलली आणि टेबलाच्या ज्या बंद कप्प्यात 'सीपीयू' कोंबला होता त्याची मागची फळी सुताराकडून काढून घेतली. भर दुपारी, पूर्ण भारावर, आकडा ७२ वर थांबला. त्याच संध्याकाळी त्यांच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, कारण पंधरा वर्षं चाललेल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या आधी डिस्क जाण्याची भीती मला जास्त वाटते.